पोटातली वस्ती आणि ज्वारीची भाकरी



कामगारांच्या सभांतून बोलणारा माणूस वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो मजुरी, महागाई आणि मालक यांखेरीज दुसरे काय बोलणार, असे आपणांपैकी कित्येकांस वाटले असेल. ते अगदीच चूक नाही. बोलता बोलता मी तेथे येणारच आहे. परंतु आजचा माझा विषय आतड्यांचा आहे. माझी शाळा सातवीनंतर सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या हंगामात रात्रपाळी आणि हंगाम सरल्यावर वाचनालय, असे झाले. त्यामुळे शास्त्राची कोणतीही गोष्ट मला तिच्या इतिहासावाचून समजत नाही. आधी कोणी काय पाहिले, मग कोणी काय केले, त्यात कोणाचा फायदा झाला, कोणाचा जीव गेला, या वाटेने गेलो की मग ती डोक्यात शिरते. आजही त्याच वाटेने जाऊ.

माणसाच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजंतूंची एक वस्ती असते. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात असे सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात, असा हिशेब २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशी जितक्या, जवळजवळ तितकेच हे पाहुणे. आणि एवढ्या सगळ्यांचे मिळून वजन भरते पावशेराच्या आसपास. हे पाहुणे फुकट खात नाहीत. धान्याच्या कोंड्यातला, डाळीतला, भाजीपाल्यातला जो चोथा आपल्याला पचविता येत नाही, तो ते आंबवितात आणि त्यातून काही आम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्लावर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे बरेचसे पोषण चालते. चोथा मिळाला नाही तर हे जंतू उपाशी बसत नाहीत. त्यांतले काही आतड्याच्या अस्तरावरील बुळबुळीत थरालाच तोंड लावतात. मजुराला दाणापाणी दिले नाही तर तो उभे पीक उपटून खाईल, तसाच हा प्रकार.

या वस्तीविषयी प्रथम मोठ्याने बोलला तो एली मेचनिकॉफ, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतला रशियन शास्त्रज्ञ. त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते दुसऱ्या कामासाठी. परंतु म्हातारपण येते ते मोठ्या आतड्यात सडणाऱ्या घाणीमुळे, आणि बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी होतात ते आंबट दह्यामुळे, असे त्याचे ठाम मत होते. तो स्वतः नित्य आंबट दूध घेई आणि ७१ व्या वर्षी वारला. मत निम्मे खरे, निम्मे हट्टाचे. पण त्याची ठिणगी जपानात जाऊन पडली. क्योटोच्या विद्यापीठात मिनोरू शिरोता या डॉक्टराने १९३० साली पोटातल्या आम्लांत तगून राहणारा एक जंतू निवडून वाढविला आणि १९३५ साली त्याचे आंबविलेले दूध बाटलीत भरून विकावयास काढले. तेच हे याकुल्ट. पोटातल्या जंतूंवर पोसलेला पहिला मोठा धंदा जपानात उभा राहिला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

जपानच्या पोटाची कथा मात्र त्याहून जुनी आहे, आणि त्यातला एक भाग दुःखाचा आहे.

१८८२ साली जपानी आरमाराचे ‘ऱ्यूजो’ नावाचे जहाज न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिकेच्या सफरीवर निघाले. जहाजावर ३७६ माणसे. सफरीत त्यांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला. पाय सुजले, छाती धडधडू लागली, आणि २५ जण मेले. ताकाकी कानेहिरो हा लंडनमध्ये शिकून आलेला आरमारी डॉक्टर. त्याने पाहिले, की अधिकाऱ्यांना हा रोग क्वचित होतो, खलाशांना फार होतो. आणि खलाशी जवळजवळ नुसत्या पांढऱ्या, घासलेल्या भातावर जगतात. १८८४ साली ‘त्सुकुबा’ नावाचे दुसरे जहाज त्याने त्याच मार्गाने, पण मांस, कडधान्ये आणि धान्यांची भर घातलेला शिधा देऊन पाठविले. मोजकेच लोक आजारी पडले आणि एकही दगावला नाही. पुढे आरमारात भातात सातू मिसळण्याची चाल पडली. ताकाकीने सांगितलेले कारण चुकीचे होते, त्याला वाटले प्रथिने कमी पडतात. वस्तुतः कोंड्याबरोबर फेकले जाणारे जीवनसत्त्व कमी पडत होते. पण उपाय बरोबर होता. जपानच्या लष्करातल्या विद्वान डॉक्टरांनी, त्यांत मोरी ओगाइ हा नामांकित साहित्यिकही होता, आरमाराचा हा अनुभव मानला नाही. रोग जंतूंमुळेच होतो, असा त्यांचा जर्मनीत शिकलेला सिद्धांत. १९०४-०५ च्या रशियाशी झालेल्या युद्धात जपानी लष्करातले २५ हजारांहून अधिक शिपाई बेरीबेरीने मेले. हे शिपाई म्हणजे गरीब शेतकऱ्यांची पोरे. घरी सातू-नाचणी खाणाऱ्यांना लष्करात पोटभर पांढरा भात मिळतो, याचेच आकर्षण होते. गरिबाला श्रीमंताचे धान्य मिळाले आणि त्यातच त्याचा जीव गेला, असे इतिहासात एकदाच घडलेले नाही.

बेरीबेरीचा दोष आतड्यातल्या जंतूंचा नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण घासण्याच्या गिरणीत जो कोंडा उडतो त्यात जीवनसत्त्वही जाते आणि त्या वस्तीचे अन्नही जाते. एका झटक्यात दोन्ही.

आता जपानचीच दुसरी गोष्ट, जी मला सर्वांत रम्य वाटते. जपानी लोक नोरी नावाचे तांबडे समुद्रशेवाळ खातात. आठव्या शतकात तेथे समुद्रशेवाळ सरकारी करात भरले जाई, इतके ते जुने. या शेवाळातली काही द्रव्ये माणसाच्या पाचकरसांना मुळीच फुटत नाहीत. फ्रान्सच्या किनाऱ्यावर रोस्कॉफ येथे समुद्रजीवशास्त्राचे केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांना झोबेलिया नावाच्या समुद्री जंतूत ते द्रव्य फोडणारे विकर सापडले. विकर म्हणजे पाचक द्रव्य. मग त्यांनी शोध घेतला, की हे विकर बनविणारे जनुक जगात आणखी कोठे आहे? ते सापडले जपानी माणसांच्या आतड्यातल्या एका जंतूत. तपासलेल्या १३ जपान्यांपैकी ५ जणांत होते. १८ उत्तर अमेरिकनांपैकी एकातही नव्हते. २०१० साली हे प्रसिद्ध झाले. अर्थ असा, की पिढ्यान्‌पिढ्या कच्चे शेवाळ खाताना त्याबरोबर समुद्री जंतू पोटात गेले आणि त्यांतल्या एकाने आपली विद्या तेथल्या रहिवाशाला देऊन टाकली. ज्या रहिवाशाने ती घेतली त्याचे नाव बॅक्टेरॉइडीस प्लेबियस. लॅटिन भाषेत प्लेबियस म्हणजे सामान्य रयतेपैकी, हे वाचले तेव्हा माझ्यासारख्या माणसाला बरे वाटले, हे कबूल करतो.

पुढे २०१६ साली १०६ निरोगी जपानी माणसांच्या विष्ठेची तपासणी झाली आणि दुसऱ्या ११ देशांच्या लोकांशी ती ताडून पाहिली गेली. शेवाळ पचविणारी ही जनुके दहांपैकी नऊ जपान्यांत निघाली. दुधातली साखर आणि पिष्टमय पदार्थ यांवर वाढणारे बिफिडो जंतू त्यांच्यात भरपूर. मिथेन वायू करणारे जंतू फार थोडे. पोटात तयार होणारा हायड्रोजन दुसऱ्या देशांत मिथेन होऊन वाया जातो, तो जपान्यांच्या पोटात बहुतांशी उपयोगी आम्लात जातो. जपानी दीर्घायुषी का, याचे एक अंग येथे असू शकेल, असे हे शास्त्रज्ञ म्हणतात. ‘असू शकेल’ एवढेच. कारण त्याच तपासणीत असेही दिसले, की देशादेशांतला फरक नुसत्या आहाराने उलगडत नाही. तेव्हा बाटलीतले जपानी दूध प्यायले की जपान्यांचे आयुष्य मिळेल, असे कोणी सांगू लागल्यास तो माल विकावयास आला आहे, असे समजावे.

आता घरी येऊ.

आपल्या देशात आहार आणि आरोग्य यांचा जाहीर हिशेब प्रथम मांडला तो रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी, निलगिरीतल्या कुन्नूरला, १९२० नंतरच्या दशकात. त्यांनी उंदरांचे गट केले आणि एकेका गटाला एकेका प्रांताचे जेवण दिले. शिखांचे जेवण, म्हणजे गहू, दूध, डाळ, भाजी, खाणारे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले. घासलेल्या भातावरचे बंगाली आणि मद्रासी उंदीर सर्वांत खुरटे राहिले. मराठी जेवणाचे उंदीर मध्ये. गंमत एवढीच, की शिखांचे म्हणून जे जेवण दिले ते खात्यापित्या घरचे होते. पंजाबातल्या भूमिहीन मजुराचे जेवण कुठल्याही उंदराला मिळाले नाही.

आतड्यांतल्या जंतूंचा अभ्यास महाराष्ट्रात रुजला तो पुण्याला. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले डॉ. योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी, तसेच आघारकर संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ यांनी २०१२ साली एक सुरेख काम प्रसिद्ध केले. एकाच छपराखाली राहणाऱ्या आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्यांच्या एकत्र कुटुंबांतले जंतू त्यांनी ताडून पाहिले आणि वयाबरोबर वस्ती कशी बदलते ते दाखविले. युरोपात असे घर शोधावे लागले असते. आपल्याकडे ते गल्लीत होते. २०१६ साली त्याच केंद्रातून भारतीयांच्या आणि इतर देशांतल्या लोकांच्या जंतूंची तुलना निघाली. आपल्या पोटांत प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा या दोन कुळांचे जंतू विशेष भरलेले दिसले. पुढे २०१९ साली भोपाळ आणि केरळ येथल्या मिळून ११० लोकांची तपासणी प्रसिद्ध झाली. भोपाळकडच्या धान्य-डाळ-भाजी खाणाऱ्यांत प्रेव्होटेलाचा भरणा. केरळच्या मासे-मांस-भात खाणाऱ्यांत दुसऱ्याच जंतूंचा. एका देशातही एकच वस्ती नाही.

हा प्रेव्होटेला आणखी कोठे भेटतो? पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात बुलपॉन नावाचे खेडे आहे. इटालीच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली तेथल्या मुलांची फ्लॉरेन्स शहरातल्या मुलांशी तुलना केली. फ्लॉरेन्सची मुले मांस, साखर, मैदा खाणारी. बुलपॉनची मुले बाजरीजातीचे धान्य, ज्वारी आणि चवळी खाणारी. बुलपॉनच्या मुलांच्या आतड्यांत प्रेव्होटेला ओसंडून वाहत होता आणि उपयोगी आम्लेही कितीतरी अधिक होती. मंडळी, ज्वारी मूळची आफ्रिकेचीच. हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून ती आपल्याकडे आली. तिच्यावर पोसणारे जंतू तिकडच्या आणि इकडच्या पोटांत एकाच कुळाचे निघावेत, यात मला सोयरीक जुळल्यासारखे वाटते.

मात्र जंतूला जात चिकटवू नये. हा चांगला, तो वाईट, असे ठरवून टाकू नये. स्वीडनमध्ये २०१५ साली सातूची भाकर खाऊन ज्यांची रक्तातली साखर सुधारली, त्यांच्यात प्रेव्होटेला अधिक होता. उलट अमेरिकेत सांधेवाताच्या नव्या रोग्यांतही त्याच कुळातला एक जंतू अधिक आढळला आहे. जंतू कोणत्या अन्नावर, कोणत्या शेजाऱ्यांत राहतो, त्यावर त्याचे वागणे अवलंबून. कारखान्यातल्या माणसाचेही तसेच असते.

आता आपल्या पुसदकडच्या ज्वारीचा इतिहास पाहा. वऱ्हाडात जमिनीवर दोन पिकांचे भांडण जुने आहे: कापूस आणि ज्वारी. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे व्यापाऱ्यांचे डोळे वळले. कापसाचा भाव चढला की ज्वारीचा पेरा आकसे. आणि १८९९-१९०० सारखा दुष्काळ आला की कापूस खाता येत नाही, हे कळे. तरीही ज्वारी टिकली, याचे एक कारण मजुरी हे होते. सालदाराचे साल ठरे ते रोख रकमेबरोबर ज्वारीच्या मापाने. सोंगणीला, खुडणीला जाणाऱ्या बाया संध्याकाळी कणसे किंवा दाणे पदरात घेऊन येत. त्या मजुरीत लबाडी होती, मापात खोट होती, मी तिचे गोडवे गाणार नाही. पण त्या मजुरीमुळे गरिबाच्या चुलीवर ज्वारी होती. भाकरी, सकाळची शिळी भाकरी, कण्या, उन्हाळ्यात रात्रभर आंबवून ताक घातलेली आंबील. शिजवून गार झालेल्या पिष्टाचा काही भाग आपल्याला न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जातो, असे आता शास्त्र सांगते. म्हणजे शिळ्या भाकरीतला तो वाटा त्या वस्तीचा. आमच्या आयांना हे माहीत नव्हते. त्यांना एवढेच माहीत होते की शिळी भाकरी टाकावयाची नसते.

१९६३ साली आपल्याच तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. अन्नधान्याची टंचाई भयंकर होती. १९६५ साली पुण्याला शनिवारवाड्यावर त्यांनी जाहीर केले, की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर चढवा. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि वसंतरावांनी तो शेतोशेती नेला. उत्पन्न वाढले, हे कोणी नाकारू नये. पण ताट बुटके, त्यामुळे कडबा कमी. पीक लवकर येई, त्यामुळे कणसावर परतीचा पाऊस पडून दाणा काळा पडे. भाकरीला गोडी नाही, अशी बायकांची तक्रार. १९७२ चा दुष्काळ आला आणि अमेरिकेतून तांबडी मिलो आली. माझी आई सांगे, की खडी फोडून आल्यावर ती मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे. साहेबाच्या देशात जनावरांना घालतात ते आम्हांला घातले, असा तिला राग. मिलो म्हणजे ज्वारीच, हे मी पुढे पुस्तकात वाचले. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “पुस्तकवाल्याले खाऊ घाल म्हणा.”

त्यानंतर स्वस्त धान्याच्या दुकानातून गहू आणि तांदूळ आले, शेतात सोयाबीन आले. १९६०-६१ साली महाराष्ट्रात ज्वारीखाली ६० लाख हेक्टरांहून अधिक जमीन होती. आता ती २० लाखांच्याही खाली उतरली आहे, आणि सोयाबीन ४० लाखांच्या वर गेले आहे. शेतकऱ्याला दोष देऊ नका. ज्वारी पेरली तर पाखरे आणि रानडुकरे अर्धी खातात, खुडावयास माणूस मिळत नाही, आणि भाव सोयाबीनचा. मजुरीही रोख झाली. ती आम्हीच भांडून रोख करून घेतली आणि योग्यच केले. परिणाम एवढा, की जी ज्वारी सालदाराच्या घरात मजुरी म्हणून येत होती, ती आता दुकानात गव्हापेक्षा महाग झाली. मधुमेह झालेल्या सावकाराला डॉक्टर भाकरी खा म्हणून सांगतो, आणि हमाल चहाबरोबर मैद्याचे टोस्ट खातो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. सगळा दोष आहाराचा वा जंतूंचा, असे मी म्हणत नाही; पण अन्न बदलले की वस्ती किती लवकर बदलते, याचा पुरावा आहे. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या मोंग आणि कारेन निर्वासितांची तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. वर्षभराच्या आत त्यांच्या पोटातले मूळचे जंतू नाहीसे होऊ लागले, प्रेव्होटेलाची जागा तिकडच्या जंतूंनी घेतली, आणि तेथे जन्मलेल्या मुलांत तर ते आणखी उणावले. त्यांनी देश बदलला. आपण पुसदलाच बसून अन्न बदलले.

जुने सगळे चांगले होते, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या वाटेने उपकारक जंतू एका पोटातून दुसऱ्या पोटात जातात, त्याच वाटेने पटकी, हगवण आणि जंतही जातात. वारीबरोबर पटकी गावोगाव फिरत असे. आपल्या विदर्भातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा धरला तो उगीच नव्हे. सतत हगवण होणाऱ्या पोराचे आतडे अन्न शोषू शकत नाही, ते खुरटते. त्याला कितीही भाकरी द्या. आणि ही घाण ज्यांनी डोक्यावर वाहिली त्या सफाई कामगारांसाठी कायदा झाला तो १९९३ साली, पुन्हा २०१३ साली. तरी गटारात उतरून माणसे मरावयाची थांबलेली नाहीत. शास्त्रज्ञ आज विष्ठेचे नमुने शून्याखाली ऐंशी अंशांवर जपून ठेवतात. ज्यांनी तीच पिढ्यान्‌पिढ्या वाहिली, त्यांच्या हातांत मोजे पडावेत म्हणून नगरपालिकांच्या दारांत आम्हांला धरणे धरावे लागते.

रात्रपाळीविषयी थोडेसे. या जंतूंनाही दिवस-रात्र कळते, असे इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखविले. खाण्या-झोपण्याची वेळ उलटी झाली की त्यांची लय मोडते. अमेरिकेहून विमानाने आलेल्या दोन माणसांचे तसे बिघडलेले जंतू उंदरांच्या पोटात सोडले, तर उंदीर लठ्ठ झाले आणि त्यांची साखर वाढली. तीच माणसे दोन आठवड्यांनी सावरल्यावर घेतलेल्या जंतूंनी तसे झाले नाही. जिनिंगच्या हंगामात आठवड्याआड पाळी बदलते. एका कारखान्यात आम्ही मागणी केली, की पाळी महिन्याने बदलावी आणि रात्री दोनला गरम जेवण द्यावे. व्यवस्थापकाने विचारले, याला शास्त्राधार काय? तेव्हा माझ्यापाशी तो नव्हता. आता आहे, पण तो कारखाना बंद पडला आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह सक्तीचे करता येत असे आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी घेता येत असत. मी अशा कित्येक समित्यांवर बसलो आहे. चहाच्या कपाच्या किमतीवर आम्ही तासन्‌तास भांडलो. पानात भाकरी असावी, हा ठराव फार उशिरा सुचला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातही तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो, असे स्पष्ट लिहिलेले होते. २०२३ पासून हे धान्य फुकट मिळते. त्याच वर्षी भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष साजरे केले. आपल्या वॉर्डातल्या दुकानात त्या वर्षी ज्वारी किती वेळा आली, हे आपणच आपल्या शिधापत्रिकेवर पाहावे.

पुण्याच्या आघारकर संस्थेने २०१४ साली माणसाच्या विष्ठेतून मिळालेल्या एका नव्या जंतूची जगाला ओळख करून दिली. हवा लागली की तो मरतो. त्याचे नाव त्यांनी मेगास्फेरा इंडिका असे ठेवले.